बालगंधर्व रंगमंदिर : पाडावें कीं दुरुस्त करावें ?

पुण्याचें बालगंधर्व रंगमंदिर कोणास ठाऊक नाहीं? १९६२ सालीं खुद्द बालगंधर्वांनीं त्याची कोनशिला बसविली. १९६८ च्या जून महिन्यांत तें लोकांकरितां खुलें झालें. आमच्या पालकांपैकीं अनेकांनीं आपलें पहिलें नाटक तेथेंच पाहिलें असेल.

२०१८ सालीं महानगरपालिकेनें तें पाडून तेथें मोठें संकुल उभारण्याचा विचार मांडला, व पुढेंहि तो वारंवार निघाला. नागरिकांत दोन पक्ष पडले. एक म्हणे, इमारत जुनी झाली, गाड्या ठेवावयास जागा नाहीं, नवें हवेंच. दुसरा म्हणे, जें बिघडलें तें दुरुस्त करा. आम्हांस दुसरा पक्ष पटतो. नटांची व प्रेक्षकांची जुनी तक्रार मुख्यतः स्वच्छतागृहांची (आणि डासांची!). तीस झाडू, पाणी व रोजची देखरेख हवी, पहार नव्हे. जिच्यानें आहे तें घर झाडवत नाहीं, ती संस्था त्याहून मोठें घर झाडील, हा भरंवसा कोणीं धरावा?

शिवाय बांधकाम चालू असतां हौशी व शाळकरी मंडळींनीं प्रयोग करावे कोठें? नव्या संकुलाचें भाडें त्यांस झेपेल काय? या दोन प्रश्नांचीं उत्तरें लेखी मिळाल्यावांचून तेथील एकहि वीट हलवूं नये.