गुणवत्ता होती, मग कप्तानपद का नाही?

खेळात जात नसते, फक्त गुणवत्ता असते, असे म्हणणाऱ्यांनी पालवणकर बाळू आठवावेत. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर राबला. तिथेच त्याची गोलंदाजी घडली. हिंदूंच्या क्लबाला बळी घ्यायला बाळू चालत; चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना रीतसर कधीच मिळाले नाही. १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल कप्तान झाले, तेही संघर्षानंतर.

१९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. तरी त्यांचे मैदानावरचे कर्तृत्व आपण नाकारू नये.

आज पनवेलच्या वस्तीतले पोर बास्केटबॉल खेळू म्हणाले तर खेळणार कुठे? आरक्षणाला नाके मुरडणारे, क्रीडांगणाचे आरक्षण उठते तेव्हा गप्प का बसतात? १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे आराखड्यात असा फेरबदल करण्यापूर्वी जनतेच्या हरकती मागवाव्या लागतात. कार्यकर्त्यांनो, ती नोटीस वाचा, मुदतीत लेखी हरकत नोंदवा. मैदान राहिले तरच उद्याचा बाळू घडेल!