निर्यातीतून उरते काय?

निर्यात वाढली की देश आपोआप संपन्न होतो, असा समज आर्थिक चर्चेत रूढ झाला आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ दक्षिण कोरियाचे नाव हमखास घेतले जाते. १९६४ साली त्या देशाची निर्यात कशीबशी १० कोटी डॉलरवर पोहोचली होती. १९७७ मध्ये तिने १,००० कोटींचा टप्पा गाठला. आकडे खरे आहेत, पण कथा अर्धीच सांगितली जाते.

आरंभी कोरिया विकत होता ते कापड, प्लायवुड आणि चक्क मानवी केसांचे टोप! प्लायवुडचे लाकूडही परदेशातूनच येई. अशा व्यापारात हाती उरते ती मजुरी. पोलाद कारखान्याचा विचार पुढे आला, तेव्हा जागतिक बँकेने तो अव्यवहार्य ठरविला. कोरियाने माघार घेतली नाही. १९६५ च्या करारान्वये जपानकडून मिळालेला पैसा त्यात घातला आणि १९७३ मध्ये पोहांगची भट्टी पेटली. कोरियाची जहाजे व मोटारी जगाच्या बाजारात गाजल्या, त्या यानंतर.

भारतातून भ्रमणध्वनी संचांची निर्यात २०२० नंतर झपाट्याने वाढली, हे अभिनंदनीयच आहे. मात्र संचातील चिपसारखे मोलाचे भाग बव्हंशी बाहेरूनच येतात. सुटे भाग येथेच घडावेत म्हणून केंद्राने मार्च २०२५ मध्ये २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. निर्यातीच्या शंभर रुपयांतील किती रुपये येथील कारखान्यांत आणि कामगारांच्या घरांत राहिले, याचा हिशेब सरकारने दरवर्षी मांडावा.