लेकरें वयांत आल्यावर

गेल्या पंधरवड्यांत आमच्या शाळेंत शिकून गेलेली एक मुलगी आम्हांस भेटावयास आली. बाप सुतारकाम करितो. त्यानें सुपारी फोडण्यापूर्वीं, मुलाशीं चार शब्द बोलूं द्या, एवढेंच तिनें मागितलें होतें. तें नाकारलें, म्हणून तिनें लग्नच नाकारलें. बाप म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच पोर बिघडविली." हा आरोप आम्ही अर्धा मान्य करितों. शिकविलें आम्हींच.

शेतकरी व कारागीर बंधूंनो, तुम्ही पोराच्या हातीं वाकस देतां, तेव्हां तो नासवील तें लाकूड सोसतां. नांगराचें रुमणें त्याच्या मुठींत दिल्यावर पहिलीं तासें वांकडीं जातात. म्हणून कोणी बैल सोडून घरीं आणीत नाहीं. मग मताच्या बाबतींत मात्र पहिल्याच वांकड्या तासाला काठी कां उगारतां? पोरें आज एका पुढाऱ्याचा झेंडा धरितील, उद्यां टाकतील. देव मानतील, मग त्याजविषयीं शंकाही काढतील. हें पाहून आमचाही जीव कित्येकदां वरखालीं होतो. पण उसनें मत वापरून पाहिल्यावांचून स्वतःचें होत नाहीं.

आणि ही कांहीं शहरची साथ नव्हे. जोतीरावांनीं १८८७ सालीं सत्यशोधक पूजाविधि छापला, त्यांत मंगलाष्टकें वधूवरांनींच परस्परांस म्हणावयाचीं आहेत. वधू तेथें स्त्रियांचे हक्क मागते. जिला मांडवांत बोलावयाचें, तिला मांडवापूर्वीं मुकी कां ठेवावी?

त्या सुतारास जातींतल्या चौघांनीं वाळींत टाकण्याचा धाकही घातला आहे. अशा चौघांनीं ध्यानांत ठेवावें कीं, महाराष्ट्रांत सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. त्यांत तीन वर्षेंपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. दोन सज्ञान माणसांनीं विवाह ठरविल्यास घराण्याची वा जातीची संमति लागत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानेंही २०१८ सालीं स्पष्ट सांगितलें.

मुलांचें सगळेंच बरोबर असतें असें आम्ही म्हणत नाहीं. आमच्याच घरीं त्यावरून तंटे होतात. परंतु जेथें नाहीं म्हणण्याची सोय नाहीं, तेथलें होय आम्ही खरें कसें मानावें?

सुपारी परत गेली आहे. मुलगी पुढें शिकण्याचें म्हणते. बाप अद्याप आमच्याशीं बोलत नाहीं. शाळेचें मोडलेलें दार मात्र परवां न सांगतां बसवून गेला.