मणक्याची शस्त्रक्रिया : सराव यंत्रावर, भिस्त गुरूवर

मणक्यावरील शस्त्रक्रियेत हत्यार आणि मज्जातंतू यांच्यात अनेकदा काही मिलिमीटरचेच अंतर असते. हात किंचित घसरला, तरी रुग्णाच्या पायांतील शक्ती किंवा मलमूत्रावरील नियंत्रण कायमचे जाऊ शकते. तरीही प्रत्येक शल्यचिकित्सकाला ही शस्त्रक्रिया कधी ना कधी प्रथमच करावी लागते. तो पहिला प्रयत्न जिवंत रुग्णावरच व्हावा काय, हा वैद्यकीय शिक्षणापुढील जुना प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांनी निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची पद्धत रूढ केली. ज्येष्ठांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे रुग्णालयात राहून शिकणे, हा तिचा गाभा होता. मात्र अमेरिकेत २००३ पासून निवासी डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा आली, तर युरोपीय संघात २००९ पासून ही मर्यादा ४८ तासांवर आली. शस्त्रक्रियागृहातील संधी त्यामुळे कमी झाल्या आणि सरावासाठी आभासी यंत्रांचा, म्हणजेच सिम्युलेटरचा विचार बळावला.

या विचाराला पहिला भक्कम आधार २००२ मध्ये मिळाला. येल विद्यापीठातील १६ निवासी डॉक्टरांपैकी ज्यांनी यंत्रावर सराव केला होता, त्यांनी पित्ताशयाच्या दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेतील विच्छेदन २९ टक्के कमी वेळात पूर्ण केले आणि त्यांच्या चुकाही कमी झाल्या.

मणक्याच्या बाबतीत कॅनडातील माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठाचे मेंदू-शल्यचिकित्सक रोलांडो डेल मेस्त्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन महत्त्वाचे ठरते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात ४१ जणांनी कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या कमानीचा एका बाजूचा भाग कोरण्याचे काम आभासी यंत्रावर केले. हालचाल, सुरक्षितता आणि कार्यक्षमता यांच्या १२ निकषांवरून संगणकाने अनुभवी आणि नवशिके यांच्यातील फरक ९७.६ टक्के अचूकतेने ओळखला. आजवर ज्येष्ठांच्या नजरेवर अवलंबून असलेले हाताच्या कसबाचे मूल्यमापन आकड्यांत मांडता येते, हे यातून दिसून आले.

यंत्र परीक्षा घेऊ शकते. पण ते शिकवूही शकते काय? याच गटाने २०२२ मध्ये ७० वैद्यकीय विद्यार्थ्यांवर मेंदूतील गाठ काढण्याच्या आभासी सरावाचा प्रयोग केला. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित शिक्षकाकडून शिकलेल्यांची कामगिरी दूरस्थ तज्ज्ञाकडून शिकलेल्यांपेक्षा सरस ठरली. मात्र २०२३ मध्ये याच माहितीचे बारकाईने विश्लेषण केले असता दुसरी बाजू पुढे आली. यंत्राकडून शिकलेल्यांचे हात अधिक सुरक्षित झाले होते. पण त्यांची हालचाल मंदावून कार्यक्षमता घटली होती. यंत्र जे मोजते, तेच विद्यार्थी शिकतो. जे मोजले जात नाही, ते दुर्लक्षित राहते. याच केंद्राच्या २०२५ मधील चाचणीत यंत्राने टिपलेल्या चुका लक्षात घेऊन मानवी शिक्षकाने प्रत्येकाला वैयक्तिक मार्गदर्शन करण्याची पद्धत सर्वात प्रभावी ठरली.

भारताच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत मेंदू व मज्जासंस्थेच्या शल्यकौशल्यांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण सुविधा आहे. २०१९ पासून लागू झालेल्या सक्षमताधारित एमबीबीएस अभ्यासक्रमानुसार वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळाही आवश्यक झाली. परंतु प्रयोगशाळा असणे आणि तिथे नियमित शिकवले जाणे यांत अंतर आहे. बाह्यरुग्ण विभाग व शस्त्रक्रियांच्या गर्दीत गुंतलेल्या अध्यापकांना या कामासाठी राखीव वेळ मिळाला नाही, तर महागडी यंत्रे केवळ तपासणीच्या दिवशी दाखवण्यापुरती उरतील.

विद्यार्थ्यांच्या आभासी कामावरील हे प्रयोग प्रत्यक्ष रुग्णाला झालेल्या लाभाचा पुरावा ठरत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे लागेल. कृत्रिम हाडावर हात बसेल. परंतु अचानक रक्तस्राव झाल्यास कुठे थांबावे, हा विवेक अनुभवी गुरूच्या सहवासातच येतो. म्हणून यंत्रांच्या खरेदीइतकाच शिक्षकांच्या वेळेचाही विचार धोरणात व्हायला हवा. नवशिक्याची पहिली चूक रुग्णाच्या वाट्याला न येता यंत्रावरच घडावी आणि ती दाखवून देणारा कोणी शेजारी उभा असावा, एवढी अपेक्षा रुग्णाने बाळगणे वाजवीच आहे.