पेपर कोणी लिहिला?



आज गोड लिहिणार नाही, आधीच सांगते.

यंदा चातुर्मासात आपल्या जुन्नर-आंबेगावच्या मंडळांनी मिळून ओपन बुक पेपर काढला आणि तपासायचं काम माझ्याकडे आलं. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव, सगळीकडून गठ्ठे आले. दुपारची झाकपाक झाली की मी लाल पेन घेऊन बसायचे. चौथ्या दिवशी लक्षात आलं, अकरा पेपरांत एका प्रश्नाचं उत्तर शब्दन् शब्द सारखं आहे. प्रश्न साधा होता: ज्ञानपंचमी कधी येते? उत्तर: ज्येष्ठ शुद्ध पंचमीला.

अगं बायांनो, ज्येष्ठातली ती श्रुतपंचमी! षट्खंडागम ग्रंथरूपात आला त्याची आठवण म्हणून आपले दिगंबर बांधव ती पाळतात. आपली ज्ञानपंचमी कार्तिक शुद्ध पंचमीला, फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आत. या अकराजणींतल्या निम्म्या तरी दरवर्षी त्या दिवशी पोरांच्या वह्या आणि पेनं घेऊन ज्ञानपूजेला माझ्या शेजारी उभ्या असतात. स्वतःच्या हातांनी केलेली पूजा विसरल्या आणि फोननं सांगितलेली तिथी लिहून मोकळ्या झाल्या. एकीनं तर उत्तराखाली 'आणखी सोप्या भाषेत हवे आहे का?' हेसुद्धा सुबक अक्षरात उतरवलंय.

मी हसले. मग बराच वेळ पुढचा पेपर उघडला नाही.

आपण त्या बायका, ज्या पुस्तकाला पाय लागला तर कपाळाला हात लावतात. थुंकी लावून पान उलटत नाहीत. छापील कागदावर खाऊ ठेवत नाहीत, आणि माझ्या सासूबाई तर नाव कोरलेल्या ताटात जेवत नसत. अक्षराची आशातना होते म्हणून एवढं जपणाऱ्या आपण, ज्ञानाचीच फसवणूक करताना हात कसा अडखळला नाही?

फसवणूक हा शब्द मी विचार करून वापरला. प्रतिक्रमणात अतिचारांच्या आठ गाथांचा काउसग्ग करतो ना आपण? त्यात ज्ञानाचाराचे आठ प्रकार आहेत आणि पाचवा आहे अनिन्हव. ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव लपवायचं नाही. फोनकडून आलेलं स्वतःच्या नावाखाली लिहिणं हा सरळ निन्हव झाला.

'अल्गोरिदम' हा शब्दच बघा. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी नावाचे गणिती होऊन गेले, त्यांच्या नावावरून तो आला. त्यांनी आकडेमोडीवर पुस्तक लिहिलं तेव्हा हे अंक हिंदच्या लोकांचे आहेत हे लपवलं नाही. आणि त्या अंकांची फार जुनी रूपं कुठे आहेत? आपल्या जुन्नर तालुक्यात, नाणेघाटाच्या लेण्यात, नागनिका राणीचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखात. लेख यज्ञांचा आणि दानांचा आहे, आपल्या धर्माचा नाही. पण बाईनं दिलेल्या दानाचे आकडे आहेत, म्हणून मला तो लेख आवडतो.

माझी सून हुशार आहे. ती म्हणाली, "मम्मी, वीरनिर्वाणानंतर ९८० वर्षांनी देवर्धिगणींनी वलभीत आगम लिहवून घेतले, तेव्हा पाठ करणाऱ्यांनाही असंच वाटलं असेल. पोथीसुद्धा त्या काळचं यंत्रच की."

उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. (कोणी म्हणतात ९९३ वर्षांनी, पण तो आजचा वाद नाही.) वलभीत जे लिहिलं गेलं ते कोणाच्या तरी कंठात आधी होतं. दुष्काळात आणि काळाच्या ओघात हरवू नये म्हणून ते पानावर उतरलं. पुढे कितीतरी श्राविकांनी स्वतःच्या पैशानं पोथ्या लिहवून घेतल्या, त्यांची नावं पोथ्यांच्या शेवटी आजही सापडतात. जे जवळ होतं ते सांभाळायला पोथी आली. आपण मात्र जवळ काहीच येऊ नये म्हणून फोन वापरतोय.

स्वाध्याय हे सहा आभ्यंतर तपांपैकी एक आहे. तप! त्याचे पाच भाग: वाचना, पृच्छना, परावर्तना, अनुप्रेक्षा, धर्मकथा. वाचायला फोन देईल, विचारलं तर सांगेलही. पण पुन्हा पुन्हा घोकणं आणि मनात घोळवणं माझ्याऐवजी कोण करणार? शेजारणीनं अठ्ठाई केली म्हणून पारण्याला मला बसवतात का?

रीलवरच्या प्रवचनांचंही तेच. पुढे काय यायचं ते आपला अंगठा कुठे थांबला त्यावर ठरतं. पर्युषणात कल्पसूत्राचं वाचन होतं, त्यात स्थविरावलीही येते. नुसती नावांमागून नावं. डोळे मिटायला लागतात. फोन आपल्याला स्थविरावली कधी दाखवणार नाही, कारण आपण थांबणारच नाही. महाराजसाहेब मात्र ती गाळत नाहीत, आणि आपणही उठून जात नाही.

आता माझी चूक. शेवटचा प्रश्न होता, 'तुमच्या घरात ज्ञानाची आशातना कशी होते?' दहा गुणांचा. उत्तरसूची मीच केली होती: आठ ज्ञानाचारांची नावं, आठ गुण, दोन गुण मांडणीला. ओतूरच्या एका काकींनी वाकड्यातिकड्या अक्षरात एवढंच लिहिलं होतं, की दुकानात पुड्या बांधायला नातवाच्या जुन्या वह्यांची पानं फाडते, त्यावर त्याचं अक्षर असतं, हात थांबतो, पण गिऱ्हाईक उभं असतं.

मी त्यांना दोन गुण दिले. पहिला नंबर ज्या पेपराला गेला, त्यात ज्येष्ठातली ज्ञानपंचमी होती. त्या एका चुकीचा एकच गुण गेला, बाकी सगळं सूचीबरहुकूम. चांदीची वाटी मीच हातात दिली.

गेल्या आठवड्यात ओतूरला जाऊन काकींची माफी मागितली. त्यांना पेपर आठवतही नव्हता. म्हणाल्या, "आता वह्या नाही फाडत. परवा एक पान वाचत बसले. त्यानं माझ्यावर निबंध लिहिलाय, सगळा खोटा, मी म्हणे त्याला रोज गोष्ट सांगते." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता सांगते."

येत्या ज्ञानपंचमीला मी पुन्हा पेपर काढतेय. प्रश्न एकच, तोच, शेवटचा. उत्तरसूची नाही. घरी न्यायचा नाही, उपाश्रयात बसून लिहायचा, फोन बाहेरच्या टोपलीत. जिला लिहिता येत नाही तिनं बोलावं, मी उतरवून घेईन आणि खाली तिचंच नाव घालीन. वाटी या वेळी नाही. चहा मात्र आहे, सूर्यास्ताच्या आत या.