गोठा आणि पूरसेवा

गावच्या शेतावर चारदोन दुभती जनावरे बांधावीत, घरच्या सर्वांनी त्यास हातभार लावावा, असा विचार आपल्या सीमाभागातील पुष्कळ कुटुंबांत घोळत असतो. विचार स्तुत्यच आहे. मात्र पूर आला की मदतीस धावणारी माणसेही बहुधा याच घरांतली असतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, पंचगंगा आणि घटप्रभा यांनी सांगली-कोल्हापूरपासून चिकोडी-गोकाकपर्यंत हाहाकार माजविला, तेव्हा गावोगावची मंडळी कित्येक दिवस घराबाहेर होती. त्यांच्यापैकी ज्यांच्या घरी गोठा होता, तेथे त्या दिवसांत धार कोणी काढली?

गाईला पूर ठाऊक नसतो. सकाळ-संध्याकाळची वेळ झाली की कास भरते. धार चुकत गेली की ती तटतटते आणि स्तनदाहाचे भय उत्पन्न होते. घरधनी नावेतून अन्नाची पाकिटे पोहोचवीत असता ही वेळ सांभाळते ती त्याची पत्नी, नाहीतर म्हातारी आई. शेण, वैरण, दूधही तिच्याच माथी. पुढे शाल-श्रीफळ मिळते ते त्याला! हा हिशेब आम्हांस न्याय्य वाटत नाही. गोठ्याचा पाया खणण्यापूर्वीच घरात बसून ठरवावे : हाक आली तर कोण जाणार, किती दिवसांसाठी, आणि मागे राहणाऱ्या माणसाच्या सोबतीस कोण येणार. नवख्या हाताला गाय पान्हा चोरते; यास्तव शेजारचा एखादा माणूस आधीपासूनच अधूनमधून धारेस बसवावा, आणि त्याचा मोबदला चुकता करावा. पहिल्या वर्षी दोन गाई पुष्कळ झाल्या.

पंचांगाकडेही लक्ष असावे. गाय सुमारे २८० दिवसांनी विते. म्हणजे ऑक्टोबरअखेरीस भरविलेली गाय नेमकी ऐन पुराच्या दिवसांत, जुलैअखेर वा ऑगस्टच्या आरंभी व्यायची. माज साधारण २१ दिवसांनी पुन्हा येतो. तेव्हा दोनतीन पाळ्या थांबून डिसेंबरअखेर भरविल्यास वेत ऑक्टोबरच्या सुमारास पडते. म्हैस मात्र आपले ऐकत नाही. थंडी पडू लागली की ती माजावर येते आणि पावसाळ्याच्या आसपास विते, म्हणून पूरसेवा करणाऱ्या घराने आरंभ गाईपासूनच करावा, असे आमचे मत आहे.

घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्याव्यात. मोठ्या गाईला दिवसाकाठी पाचसहा किलो सुका चारा लागतो, ओली वैरण मिळेनाशी झाल्यास त्याच्या सुमारे दुप्पट. तेव्हा आठ दिवसांचा कडबा उंच माळ्यावर ठेवलेला असावा. भिजून बुरशी आलेली वैरण कितीही हळहळ वाटली तरी जनावरापुढे टाकू नये.

गोठ्याने सेवेत खोडाच येतो, असेही नाही. पाणी उंबऱ्याशी आले तरी पुष्कळ माणसे घर सोडीत नाहीत, ती दावणीच्या जनावरांपायी. अशा घरी पोहण्यात तरबेज असलेल्या तरुणाइतकाच बुजलेली म्हैस चुचकारून बाहेर काढणारा माणूस मोलाचा ठरतो. आणि ती बाहेर काढणे साधलेच नाही, तर निघण्यापूर्वी निदान दावे तरी कापावे. मोकळे जनावर पोहून काठ गाठू शकते. बांधलेले जागीच बुडते.