दोष ग्रहणाचा की पेल्याचा?

ग्रहण लागले की आपल्याकडे गरोदर बाईमागे वडीलधाऱ्यांचा धोशा सुरू होतो. विळीला हात लावू नकोस, सुई-दोरा घेऊ नकोस, बाहेर पाहू नकोस. मुलाचा ओठ फाटका निघेल! सावलीने कोणाचा ओठ फाटत नाही, हे शाळकरी पोरही सांगेल. परंतु गर्भाच्या ओठांवर आणि डोळ्यांवर जिची छाया खरोखर पडते, त्या दारूविषयी त्याच घरात कोणी अवाक्षर काढीत नाही.

हे ज्ञान काही आजचे नव्हे. १९६८ साली फ्रान्समधील पॉल लमवान व त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्यपी आईबापांच्या १२७ मुलांची हकीकत मांडली. १९७३ साली अमेरिकेत सिएटल येथे जोन्स व स्मिथ यांनी या विकाराला नाव दिले 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम'. अशा मुलांच्या डोळ्यांच्या फटी आखूड असतात, वरचा ओठ पातळ असतो आणि नाक व ओठ यांमधली पन्हळ सपाट झालेली असते. कित्येकांत पापणी खाली उतरलेली किंवा डोळा तिरळा असतो. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नसच काहींत बारीक राहते; तेथे चष्मा तरी काय करणार?

आईने घेतलेले मद्य वारेतून सरळ गर्भापर्यंत पोचते. १९८१ साली कॅथलीन सुलिक यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले की, चेहऱ्याची ही ठेवण अगदी आरंभीच बिघडते. माणसाच्या हिशेबाने तो गर्भाचा तिसरा आठवडा. त्या वेळी आपल्याला दिवस गेले आहेत, हे बहुतेक बाईला ठाऊकही नसते! मेंदूची वाढ मात्र पूर्ण नऊ महिने चालते. म्हणून चेहरा निर्दोष असूनही स्मरण, लक्ष व अभ्यास यांत मागे पडणारी मुले कितीतरी अधिक असतात. त्यांना आपण 'ढ' म्हणून मोकळे होतो.

"आमच्याकडे बायका कुठे पितात?" असे कोणी विचारील. मोहाची दारू सणावारी बायकापुरुष मिळून घेतात अशी गावे महाराष्ट्रात आहेत, आणि शहरी मेजवान्यांतला पेलाही आता केवळ पुरुषांच्या हाती नाही. प्रश्न नीतीचा नसून माहितीचा आहे.

म्हणूनच सारा दोष आईच्या माथी मारणे मला मान्य नाही. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप भागात द्राक्षमळ्यांतील मजुरांना मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपाने देण्याची 'डॉप' नावाची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. कायद्याने ती बंद झाली, पण लावलेले व्यसन उरले. जगात या विकाराचे प्रमाण सर्वाधिक आढळलेल्या प्रदेशांत आज तो भाग मोडतो. तेथल्या बाळाच्या चेहऱ्यावरची खूण आईची म्हणायची, की मळेवाल्याची?

अमेरिकेत १९८९ पासून दारूच्या बाटलीवर गरोदर स्त्रियांसाठी इशारा छापतात. आपल्याकडे २०१९ पासून जो इशारा सक्तीचा झाला, तो आरोग्याविषयी व गाडी चालविण्याविषयी बोलतो. गर्भाचा त्यात उल्लेख नाही. तो असावा, आणि मराठीत असावा. पण जी दारू बाटलीतून येतच नाही, तिच्यावर चिठ्ठी कोण लावणार? तेथे माणसानेच बोलले पाहिजे.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होतील, संसार मांडतील. गरोदरपणात मद्याचे सुरक्षित असे प्रमाण ठरलेले नाही, एवढे एक वाक्य प्रत्येकाने, मुलांनीसुद्धा, घरी न्यावे. मूल हवे असेल तर पेला आधीच दूर ठेवावा, आणि नवऱ्यानेही तिच्यासमोर भरू नये. ग्रहणात बाईला अंधाऱ्या खोलीत बसविणारे आपण, तिला हा एवढा उजेड द्यायला काय हरकत आहे?